आकाशातल्या टॅक्सीविषयी मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



अटल सेतूवरून गाड्या धावू लागल्या, आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण झाली, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. या कामांच्या पाठोपाठ आता उडत्या टॅक्सीचा प्रस्ताव आपल्या टेबलावर येणार, अशी माझी खात्री आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंटरग्लोब एंटरप्रायझेस आणि अमेरिकेतल्या आर्चर एव्हिएशनने दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत पोहोचवणारी विजेवरची विमानं आणण्याची घोषणा केली. पुढच्या शहरांच्या यादीत मुंबईचं नाव होतं. बेंगळुरूच्या सरला एव्हिएशनने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात आपल्या विमानाचा नमुना मांडला. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या परिसरात जन्मलेली ई-प्लेन कंपनी याच कामाला लागली आहे. तेव्हा कोणीतरी सुरेख चित्रफीत घेऊन आपल्याकडे येईल. तिच्यात खाली तुंबलेला पश्चिम द्रुतगती महामार्ग असेल आणि वरून शांतपणे सरकणारं पांढरं विमान. ती चित्रफीत पाहण्याआधी हे पत्र वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी जुहूला हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली. समुद्रातल्या तेलविहिरींवरून परतलेल्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात खारी हवा शिरलेली असते, म्हणून दिवसाचं काम संपल्यावर गोड्या पाण्याने कॉम्प्रेसर धुवावा लागतो. ते काम मी तरुणपणी शिकलो आणि पुढे कित्येकांना शिकवलं. राहायला डोंबिवलीत. लोकलने दादर, तिथे गाडी बदलून पार्ले, पुढे बस. दिवसभर ज्या यंत्रावर हात असायचा ते पाऊण तासात समुद्र ओलांडायचं, आणि मला घरी पोहोचायला दोन तास लागायचे. या दोन्ही प्रवासांवर माझं प्रेम आहे आणि दोन्हींचा हिशोब मला ठाऊक आहे. त्या हिशोबाच्या जोरावर सांगतो: उडती टॅक्सी येईल, काही माणसं तिच्यातून फिरतील, पण ती रोजची वाहतूक होणार नाही. आणि ती रोजची वाहतूक होणार आहे असं धरून सरकारने एक रुपया किंवा एक गुंठा देऊ नये.

आधी तिच्यात जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करतो, कारण यंत्र म्हणून ही विमानं मला मनापासून आवडतात. हेलिकॉप्टरमध्ये एकच मोठं पातं, त्याखाली गिअरबॉक्स, त्याच्याशी जोडलेल्या दांड्या, बेअरिंगं, तेलाच्या नळ्या. यातला एक भाग तुटला तरी सगळं संपतं. विजेच्या विमानात पाती अनेक आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. जोबी कंपनीच्या विमानाला सहा पाती आहेत, आर्चरच्या विमानाला बारा. एखादी मोटर बंद पडली तर बाकीच्या भार घेतात. गिअरबॉक्सची कटकट जवळजवळ संपते. वर उठताना पाती आकाशाकडे असतात आणि वेग घेताना त्यांतली काही किंवा सगळी पुढे वळतात, मग पंख वजन पेलतात. आवाजही खरोखर कमी आहे. अमेरिकेच्या नासाबरोबर केलेल्या मोजणीत जोबीचं विमान पाचशे मीटर उंचीवरून गेलं तेव्हा खाली सुमारे ४५ डेसिबल आवाज नोंदला गेला. हेलिकॉप्टरखाली उभं राहिलेल्या माणसाला या आकड्याची किंमत कळते. चीनच्या ईहँग कंपनीच्या पायलटविना उडणाऱ्या दोन आसनी विमानाला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने प्रमाणपत्रही दिलं. म्हणजे ही गोष्ट हवेतली नाही. इंजिनिअर लोकांनी वर्षानुवर्षं घाम गाळून ती इथवर आणली आहे.

अडचण दुसरीकडे आहे. रस्ता गाडीचं वजन फुकटात उचलतो. सिग्नलला उभी असलेली बस स्वतःचं वजन पेलण्यासाठी काहीच खर्च करत नाही. रूळ तर त्याहून उदार, लोखंडावर लोखंड फिरतं तेव्हा घर्षण अगदी थोडं. हवा मात्र कोणाचं ओझं फुकट घेत नाही. हवेत एका जागी उभं राहायचं असेल तर क्षणाक्षणाला हवा खाली ढकलावी लागते, आणि त्या ढकलण्याला अफाट शक्ती लागते. चार प्रवासी आणि एक पायलट यांच्यासाठी दोन-तीन टनांचं यंत्र वर उचलायचं, आणि तेही बॅटरीवर. विमानाच्या इंधनात किलोमागे सुमारे बारा हजार वॉट-तास ऊर्जा असते. आजच्या चांगल्या बॅटरीत दोनशे ते तीनशे. इंजिन बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर फारशी घालवत नाही, हे धरलं तरी दहापटींहून मोठी दरी उरते. म्हणून विमानाच्या वजनाचा मोठा हिस्सा बॅटरीच खाते आणि माणसांसाठी चार खुर्च्या उरतात. पुढच्या वीस वर्षांत बॅटरी दुपटीने सुधारली, तरी चाराच्या सहा-आठ खुर्च्या होतील. चारशे होणार नाहीत.

आता हा हिशोब डोंबिवली स्टेशनवर मांडून पाहू. सकाळच्या गर्दीत बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजारांच्या आसपास माणसं असतात. एवढ्या माणसांना चार खुर्च्यांच्या विमानांतून न्यायचं तर हजार उड्डाणं हवीत. तासाभरात ती उरकायची म्हटलं तर दर साडेतीन सेकंदांना एक उड्डाण. मुंबईच्या विमानतळावर अख्ख्या दिवसात होणारी ये-जा हजाराच्या आसपास आहे, म्हणजे एका लोकलची माणसं उचलायला एका महानगराच्या विमानतळाचा पूर्ण दिवस लागतो. उतरण्याची जागाही पाहा. विमान टेकलं, माणसं उतरली, दुसरी बसली, पट्टे लावले, विमान उठलं, हे सगळं पाच मिनिटांत झालं असं समजू. बॅटरी भरायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. तरी एका तळावरून तासाला अठ्ठेचाळीस माणसं जातात. हे एका बेस्ट बसपेक्षा कमी भरतं. एका लोकलसाठी डोंबिवलीत ऐंशीहून जास्त तळ लागतील, तेवढेच पलीकडे, आणि ही गाडी सुटल्यावर पाच मिनिटांच्या आत पुढची गाडी फलाटावर लागलेली असते.

कोणी म्हणेल, सगळ्यांनी उडायचं कुठे आहे, थोडे जरी वर गेले तरी खालची गर्दी तेवढी कमी होईल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेतून रोज सत्तर लाखांहून अधिक प्रवास होतात. शंभर उडत्या टॅक्सींनी दिवसाला प्रत्येकी वीस फेऱ्या केल्या आणि एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, तरी आठ हजार माणसं होतात. हा आकडा उत्सवाच्या दिवशी एका फलाटावर उभ्या असलेल्या लोकांएवढा आहे. ते आठ हजारही लोकलमधून येणारे नसतील. ते आज ड्रायव्हर ठेवलेल्या गाडीतून जातात. त्यांनी मोकळ्या केलेल्या रस्त्यावर दुसऱ्या गाड्या येतील, हे प्रत्येक नव्या उड्डाणपुलाने आपल्याला दाखवलं आहे.

मग पावसाळा. यावर मला जरा थांबायचं आहे, कारण परदेशी कंपन्यांच्या चित्रफितींत नेहमी ऊन असतं. दुबईने या सेवेसाठी पुढाकार घेतला, हे समजण्यासारखं आहे. तिथे वर्षातले बहुतेक दिवस आकाश निरभ्र असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सांताक्रूझला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग पारसिकच्या डोंगराला टेकतात, मलंगगड दिवस दिवस दिसत नाही, आणि खाडीवरून येणारा वारा दिशा बदलत राहतो. हेलिकॉप्टरं पावसाळ्यातही तेलविहिरींवर जातात, हे मी पाहिलं आहे. पण त्यांना दोन इंजिनं असतात, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण घेतलेले दोन पायलट असतात, आणि वाट बदलून दुसऱ्या तळावर उतरता येईल एवढं राखीव इंधन टाकीत असतं. तरीही हवामान बिघडलं की फेरी रद्द होते, आणि ती रद्द करणाऱ्या माणसाला कोणी जाब विचारत नाही, म्हणून ते काम सुरक्षितपणे चालतं. एवढी काळजी घेऊनही १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर डहाणूजवळ समुद्रात कोसळलं आणि आतले सातही जण गेले. बॅटरीच्या विमानात राखीव साठा मुळात थोडा. वीस-तीस किलोमीटरच्या फेरीत वाटेत ढग आडवे आले तर विचार करायला मिनिटं कमी मिळतात. आणि ज्या दिवशी शहराला खरी गरज असते, रूळ पाण्याखाली जातात, रस्ते बंद होतात, तोच दिवस उडायला सर्वांत वाईट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा मोठा विमानतळसुद्धा बंद पडला होता.

उन्हाळ्याचंही सांगायला हवं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा हवा विरळ होते आणि तेवढंच वजन उचलायला जास्त शक्ती लागते. त्याच वेळी बॅटरी झटपट भरायची तर ती आणखी तापते. यंत्र थंड ठेवण्यातच वेळ आणि वीज जाते. वर घारी आहेत, देवनारच्या कचराभूमीवर त्या घिरट्या घालत असतात. संक्रांतीला गच्चीगच्चीवरून मांजा उडतो. हे सगळं मिळून आपलं आकाश झालेलं आहे, आणि ते रिकामं नाही. मुंबईकरांना तर ते चांगलंच ठाऊक आहे. विमानं उतरण्याच्या वाटेवर, फनेल झोनमध्ये, राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या मोडकळीला आलेल्या इमारती केवळ उंचीच्या मर्यादेमुळे पुनर्विकासाविना खोळंबल्या आहेत. एका विमानतळाने एवढी वर्षं ज्यांची घरं अडवून ठेवली, त्यांच्या डोक्यावर आता आणखी वाटा आखायच्या का?

न्यूयॉर्कचा अनुभव आपण आपल्या अधिकाऱ्यांना मुद्दाम अभ्यासायला लावावा अशी विनंती आहे, कारण उडत्या टॅक्सीचा खरा प्रयोग तिथे झाला आणि तो पूर्ण झाला. न्यूयॉर्क एअरवेज नावाची कंपनी १९५० च्या दशकापासून हेलिकॉप्टरने प्रवासी नेत असे. विमानतळावरून थेट शहराच्या मध्यभागी, पॅनॅम कंपनीच्या ५९ मजली इमारतीच्या गच्चीवर. वेळ वाचायचा, देखावा अप्रतिम होता, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. गच्चीवरची सेवा १९६५ मध्ये सुरू झाली, तीन वर्षांनी बंद पडली, १९७७ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी १६ मे रोजी गच्चीवर उभ्या हेलिकॉप्टरचा चाकांचा एक आधार मोडला. पाती फिरत होती. हेलिकॉप्टर कलंडलं. चढण्याच्या तयारीत असलेल्या प्रवाशांवर पाती कोसळली आणि त्यांतले चार जण गेले. पात्याचा एक तुकडा गच्चीवरून खाली, रस्त्यावर पडला आणि तिथून चालत जाणारी एक बाई मेली. तिने तिकीट काढलेलं नव्हतं, तिला त्या सेवेशी काही देणंघेणं नव्हतं. ती गच्ची पुन्हा उघडली नाही. दोन वर्षांनी आणखी एक अपघात झाला आणि कंपनीच मिटली.

मी आयुष्यभर चाकांचे हे आधार तपासले आहेत. धातूत केसाएवढी भेग असते, ती डोळ्यांना दिसत नाही, रंगद्रव्य लावून शोधावी लागते. काम नीट केलं तरी हजारात एकदा काहीतरी राहून जातं. मोकळ्या रानातल्या धावपट्टीवर राहिलं तर एक यंत्र वाकतं. दाट वस्तीवर राहिलं तर खालचं माणूस मरतं. आपल्याकडे २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये चाचणी उड्डाणावर असलेलं छोटं विमान पडलं, आतले चार आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस गेला. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं आणि जेवणाच्या टेबलावर बसलेली मुलं गेली. युरोपच्या नियामकांनी शहरावरून प्रवासी नेणाऱ्या या नव्या विमानांसाठी जो निकष घातला आहे, तो मोठ्या प्रवासी विमानांचाच आहे: जीवघेणा बिघाड शंभर कोटी उड्डाणतासांत एकदाही होऊ नये अशा तोलाचा. तो कठोर आहे म्हणून कंपन्या कुरकुरतात. माझ्या मते तो तसाच हवा. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेने मोठं पातं फिरत राहतं आणि कुशल पायलट त्याच्या आधाराने जमिनीवर टेकतो. छोट्या, हलक्या पात्यांच्या विमानांना ही शेवटची सोय नसते. पंखवाली विमानं तरंगत जाऊ शकतात, पण उतरताना शेवटच्या शंभर-दीडशे फुटांत, खाली चाळी आणि झोपड्या असताना, तरंगायला जागा कुठे आहे?

मोटारीसारखी दारातून काढून उडवायची गाडी, म्हणजे खरी उडती मोटार, तिच्यावर मी फार लिहीत नाही. अमेरिकेत मोल्टन टेलर यांची एरोकार १९४९ मध्ये उडाली, १९५६ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली, आणि सगळ्या मिळून सहा बनल्या. स्लोव्हाकियाच्या क्लाइन व्हिजनची गाडी जून २०२१ मध्ये नित्रा ते ब्रातिस्लावा पस्तीस मिनिटांत उडाली, उतरल्यावर पंख मिटून शहरात चालत गेली. बघायला सुंदर. पण तिला उठायला धावपट्टी लागते आणि चालवायला वैमानिकाचा परवाना. रस्त्यावरच्या धक्क्यांसाठी गाडी जड हवी, उडण्यासाठी हलकी. ही ओढाताण आठ दशकांत सुटलेली नाही.

आता आश्वासनांविषयी. उबरने २०१८ मध्ये आपल्या उडत्या टॅक्सीसाठी पाच देशांची नावं जाहीर केली, त्यात भारत होता. २०२३ मध्ये सेवा सुरू होईल असं सांगितलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी तो सगळा विभाग जोबीला देऊन टाकला. जर्मनीच्या फोलोकॉप्टरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याची तयारी केली होती. प्रवासी नेता आले नाहीत, आणि त्याच वर्षाअखेर कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी दोन महिने जर्मनीचीच लिलियम बुडाली. जानेवारी २०२५ मध्ये एअरबससारख्या बलाढ्य कंपनीने आपला उडत्या टॅक्सीचा प्रकल्प थांबवला, बॅटरी अजून त्या तोलाची नाही हे लक्षात घेऊन. या कंपन्यांत काम करणाऱ्या इंजिनिअरांविषयी मला आदर आहे. माझी काळजी अशी, की कंपनी बुडाली तर तिच्या भागधारकांचे पैसे जातात. पण तिच्यासाठी आपण बीकेसीत, रेसकोर्सवर किंवा एखाद्या मैदानावर बांधून दिलेला व्हर्टिपोर्ट, म्हणजे या विमानांचा तळ, आपल्या गळ्यात राहतो.

हे नुसतं भय नाही, शेजारच्या गोव्यात आपण ते पाहिलं आहे. कोकण रेल्वेने मडगावला स्कायबस उभारली, खांबांवरून लटकत जाणारी गाडी, सुमारे दीड किलोमीटरचा चाचणीमार्ग. कोकण रेल्वेसारखी अवघड रेल्वे ज्या माणसांनी सह्याद्रीच्या कुशीतून काढली, त्यांचाच हा प्रयत्न होता, त्यामुळे लोकांना विश्वास वाटला. सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीत अपघात झाला, एक जण गेला. त्यानंतर ते खांब वर्षानुवर्षं मडगावच्या रस्त्यावर उभे राहिले आणि शेवटी मोडून काढावे लागले. दरम्यान त्याच रस्त्यावर चांगल्या बसेस कोणी वाढवल्या नाहीत. लोक वाट पाहत राहिले.

मला ज्याचा राग येतो तो इथे. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर बसेस होत्या. आज तीन हजारसुद्धा नाहीत. थांब्यावर बाई अर्धा-पाऊण तास उभी राहते, शेवटी शेअर रिक्षा करते आणि महिन्याचं गणित कोलमडतं. डोंबिवलीला स्टेशनबाहेर रात्री रिक्षाची रांग पुलापर्यंत जाते, पालिकेची बस दिसत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. ती बातमी देशभर गेली. पण मुंबईच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात आणि त्यांच्या बातम्या आतल्या पानावरही येत नाहीत. माझ्या रोजच्या डब्यातली काही माणसं त्या आकड्यात आहेत. चौथ्या सीटवर एकमेकांना सरकवून घेणारी, श्रावणात डब्यात आरती करणारी माणसं. रेल्वे केंद्राची आहे हे मला माहीत आहे. पण मुंबई रेल्वे विकास महामंडळात राज्याचा ४९ टक्के वाटा आहे. नव्या मार्गिकांसाठी जमीन राज्य देतं. स्टेशनाबाहेरचा रस्ता, बस, रिक्षा, फूटपाथ हे सगळं राज्याच्या आणि पालिकांच्या हातात आहे. ज्या अधिकाऱ्यांचा वेळ उडत्या टॅक्सीच्या बैठकांत जाईल, तो वेळ इथूनच काढलेला असेल.

तरीही या विमानांना महाराष्ट्रात काही काम नाही असं मी म्हणत नाही. काम आहे, आणि ते मुंबईपासून फार लांब आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. गरोदर बाईला खाटेची कावड करून चिखलातून आणतात, नाल्याशी पोहोचल्यावर पाणी उतरायची वाट पाहतात. हेलिकॉप्टर मिळालं तर ती वाचते, पण हेलिकॉप्टर महाग आहे, गरज आहे त्या प्रत्येक वेळी ते मिळत नाही. पालघरमध्ये २०२१ साली जव्हारहून झापपर्यंत ड्रोनने लसी पोहोचवून पाहिल्या होत्या. तो धागा पुढे न्यायला हवा. आधी औषधं, रक्त, सर्पदंशावरचं प्रतिविष. यंत्र भरवशाचं ठरलं की मग माणूस. पुण्याहून मुंबईला अवयव न्यायचे तर रस्ता मोकळा करायला शेकडो पोलीस लावावे लागतात, तिथेही याचा उपयोग होईल. इथे फेऱ्या थोड्या असतात आणि प्रत्येक फेरीला मोल असतं. चार खुर्च्या म्हणजे खूप होतात. हवामानामुळे फेरी चुकेल, पण जी होईल तिने जीव वाचेल.

आणि चाचण्या करायच्या तर जागा आपल्याकडे आहेत. धुळे, धाराशिव इथल्या कमी वर्दळीच्या धावपट्ट्यांवर भारतीय कंपन्यांना बोलवा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीतल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी गर्दी करून पाहिलं, आणि नोंदणी हातात यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. या राज्यात विमान बांधण्याची हौस आणि हुन्नर दोन्ही आहे. त्यांना शेड, मोजमापाची साधनं आणि वेळेवर मिळणारी सरकारी सही हवी आहे. माझ्यासारखे निवृत्त लोक तिथे फुकट शिकवायला येतील. मी तरी येईन.

म्हणून माझं मागणं असं. चित्रफीत घेऊन येणाऱ्या कंपनीला जमीन बाजारभावाने घ्यायला सांगा, मैदान आणि उद्यान तर कोणत्याच भावाने देऊ नका. प्रवासी बसवण्याआधी तिने कोकणात एक पूर्ण पावसाळा रिकाम्या खुर्च्यांनिशी उडून दाखवावं, आणि किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, किती रद्द झाल्या हे रोज जाहीर करावं. उतरताना खाली किती आवाज होतो आणि किती वारा सुटतो, याची मोजणी सरकारी संस्थेने करावी, कंपनीने नव्हे. नासाने मोजलेला आकडा पाचशे मीटरवरचा आहे. तळाशेजारच्या खिडकीत काय ऐकू येतं तो आकडा वेगळा असेल, आणि तो दिवसातून शंभरदा ऐकायचा असेल. उड्डाणांच्या वाटा ठरवण्याआधी ज्यांच्या छपरांवरून त्या जाणार आहेत त्यांना नकाशा दाखवावा. गोवंडी, धारावी, मुंब्रा इथली छपरं पत्र्याची आहेत.

नकाशा दाखवण्यासाठी जी जनसुनावणी होईल, ती बीकेसीच्या वातानुकूलित सभागृहात ठेवू नका. डोंबिवलीत, घाटकोपरला, मुंब्र्यात ठेवा. आणि वेळ रात्री साडेआठनंतरची असू द्या, त्याआधी आमच्याकडची माणसं घरी पोहोचत नाहीत.

आपला,
एक निवृत्त हेलिकॉप्टर देखभाल अभियंता,
डोंबिवली (पूर्व)